द्रुझ गावातील तरुण पिढी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

इस्रायलमधील कार्मेल डोंगरावर वसलेल्या दालियत अल-कार्मेल या, द्रुझ नावाच्या छोट्या धार्मिक समाजाच्या गावाची ओळख करून देणारा एक छोटा लेख आम्ही गेल्या अंकात छापला होता. पांढरी पगडी घातलेले वृद्ध, शनिवारी पर्यटकांनी गजबजणारा बाजार आणि तीन-तीन भाषा सहज बोलणारी मुले असा त्याचा आशय होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी त्या गावातल्या तरुण मुलामुलींविषयीच विचारले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : द्रुझ हे मुसलमान समजायचे की वेगळ्या धर्माचे? आणि ते पुनर्जन्म मानतात हे खरे काय? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : या पंथाचा उगम इस्लाममधील इस्माइली परंपरेतून झाला. कैरो येथे फातिमी खलिफा अल-हाकिम यांची राजवट (९९६ ते १०२१) चालू असताना, १०१७ मध्ये या मताचा उघड प्रचार सुरू झाला आणि हमझा इब्न अली हे त्याचे प्रमुख प्रवर्तक होते. पुढे १०४३ मध्ये नव्या अनुयायांसाठी पंथाचे दार बंद करण्यात आले, ते आजतागायत बंदच आहे. हे लोक स्वतःला ‘मुवह्हिदून’ म्हणजे एकेश्वरवादी म्हणवतात. रमजानचे उपवास किंवा मक्केची यात्रा त्यांच्यावर बंधनकारक नाही. आपण इस्लामच्या आत आहोत की बाहेर, याचे उत्तर लेबनॉनमधला द्रुझ आणि इस्रायलमधला द्रुझ एकच देईल असे नाही. जगभरात त्यांची संख्या सुमारे दहा लाख असून निम्म्याहून अधिक लोक सीरियात, त्याखालोखाल लेबनॉनमध्ये आणि दीड लाखाच्या आसपास इस्रायल व गोलान टेकड्यांत राहतात.

पुनर्जन्म ते मानतात. मात्र चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा त्यांच्याकडे नाही. माणसाचा आत्मा माणसातच जातो, द्रुझाचा आत्मा द्रुझाच्याच घरी जन्म घेतो, पुरुषाचा पुरुषदेहात आणि स्त्रीचा स्त्रीदेहात, आणि तोही प्राण जाण्याच्या क्षणीच, अशी त्यांची श्रद्धा आहे. एखादे तीन-चार वर्षांचे मूल ‘माझे घर पलीकडच्या गावात आहे’ असे सांगू लागले, तर घरचे त्याला गप्प करत नाहीत. त्या गावात चौकशी होते, खुणा जुळल्या असे वाटले तर दोन कुटुंबांत येणे-जाणे सुरू होते, आणि ते मूल मोठे झाल्यावरही पहिल्या घराच्या लग्नकार्यांना हजर राहते. देह हा आत्म्याचा केवळ पोशाख असल्यामुळे कबरींची देखभाल करण्याची किंवा त्यांच्यावर फुले वाहण्याची प्रथा तेथे फारशी रुजलेली नाही.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात यावर बराच वाद झाला. एवढ्या बंदिस्त धर्मात जन्मलेल्या तरुणाला मनाविरुद्ध धार्मिक व्हावे लागत असणार. घुसमट होत नाही का? (एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : आपला तर्क स्वाभाविक आहे, पण तेथील व्यवस्था निराळी आहे. द्रुझ समाज दोन गटांत विभागलेला असतो. ‘उक्काल’ म्हणजे दीक्षा घेतलेले जाणकार आणि ‘जुह्हाल’ म्हणजे दीक्षा न घेतलेले बाकी सगळे. आणि हे बाकी सगळेच संख्येने जास्त असतात. ‘जुह्हाल’चा शब्दशः अर्थ अजाण असा होत असला तरी त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे एकाच घरात थोरला भाऊ माळकरी असतो, धाकटा रविवारी तांबडा रस्सा ओरपतो आणि दोघेही एकाच विठ्ठलाचे असतात. साधारण तसाच हा प्रकार समजावा. फरक इतकाच की माळ घेण्यापूर्वीही ज्ञानेश्वरी कोणालाही उघडता येते, तर द्रुझांचा ‘रसाइल अल-हिक्मा’ हा १११ पत्रांचा ग्रंथ दीक्षा न घेतलेल्याला वाचायला मिळत नाही.

गुरुवारी संध्याकाळी गावातल्या खलवतीत, म्हणजे प्रार्थनागृहात, लोक जमतात. त्या इमारतीला मिनार नसतो, भिंतींवर नक्षी नसते, जमिनीवर अंथरलेल्या बैठकीवर पुरुष एकीकडे आणि स्त्रिया पडद्याच्या पलीकडे बसतात. सुरुवातीला नीतीच्या आणि गावकीच्या गोष्टी होतात, त्या कोणीही ऐकाव्यात. त्यानंतर दीक्षा न घेतलेले लोक उठून बाहेर जातात आणि आतले वाचन सुरू होते. ज्याला दीक्षा हवी असेल त्याला दारू, तंबाखू आणि डुकराचे मांस सोडावे लागते, अंगावर साधा गडद पोशाख आणि डोक्यावर पांढरी टोपी किंवा पगडी येते, आणि त्याची वागणूक गावातले वडीलधारे काही काळ पारखून पाहतात. स्त्रियांनाही दीक्षा मिळते. उलट स्त्रीची तयारी पुरुषापेक्षा लवकर झालेली असते, असेच तेथे मानले जाते.

तेव्हा विशीतला मुलगा जीन्स घालून हैफातल्या कंपनीत जातो, मित्रांबरोबर बिअर पितो, प्रार्थनेला जात नाही, आणि तरीही तो पुरेपूर द्रुझ असतो. श्रद्धेची सक्ती तेथे जवळजवळ नाहीच. सक्ती आहे ती दुसऱ्या ठिकाणी, आणि पुढच्या पत्रातील प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवतो.

प्रश्न : मला उपवर मुलगा आणि मुलगी आहे, म्हणून विचारते. तिकडे लग्ने कशी जमतात? मुलांनी बाहेर लग्न केले तर काय होते? (एक वाचक भगिनी, गडहिंग्लज)

उत्तर : ताई, द्रुझ तरुणाच्या आयुष्यातील सर्वांत कडक नियम हाच आहे. लग्न द्रुझाशीच झाले पाहिजे. पंथात कोणाला नव्याने घेता येत नसल्यामुळे बाहेरचा जोडीदार धर्म बदलून आत येण्याचा मार्गही उपलब्ध नाही, आणि मिश्र विवाहातील मूल द्रुझ मानले जात नाही. (इचलकरंजीच्या एका वाचकाने ‘मला द्रुझ होता येईल का’ असे विचारले आहे, त्यांनाही हेच उत्तर.) इस्रायल आणि लेबनॉन या दोन्ही देशांत देशांतर्गत नागरी विवाहाची सोय नसल्याने, असे धाडस करणारी जोडपी बहुधा सायप्रसला जाऊन नोंदणी करतात. परतल्यावर पुढे काय होते ते घराघरावर अवलंबून असते. कोठे आईवडील गुपचूप भेटत राहतात, कोठे संबंध कायमचे तुटतात, आणि मुलीच्या बाबतीत काही वेळा हिंसाही झालेली आहे. हा भाग झाकून त्या समाजाचे गुणगान करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

चौकटीच्या आतले नियम मात्र वाचकांना अनपेक्षित वाटतील. एका पुरुषाला एकच पत्नी, हे बंधन शतकानुशतके चालत आले आहे. मुलीची संमती आवश्यक असते. घटस्फोट स्त्रीलाही मागता येतो, परंतु एकदा वेगळे झालेल्या जोडप्याला पुन्हा एकमेकांशी लग्न करता येत नाही. लेबनॉनमधील द्रुझांच्या १९४८ च्या कौटुंबिक कायद्यात हे सारे लिखित आहे. संपत्तीचे मृत्युपत्र हव्या त्या व्यक्तीच्या नावे करण्याची मुभाही त्यात आहे, आणि तिचा फायदा मुलींना होतो की तोटा, हे पुन्हा वडिलांच्या मनावर!

समाज लहान असल्यामुळे चुलत-मावस भावंडांत लग्ने होण्याचे प्रमाण मोठे होते. त्यातून येणाऱ्या आनुवंशिक आजारांची माहिती झाल्यापासून शिकलेली पिढी त्याबाबत सावध झाली आहे. आता ओळखी महाविद्यालयात किंवा मोबाइलवर होतात. ‘द्रुझच हवा’ ही अट मात्र कायम आहे. शिवाय मुलींचे शिक्षण वाढले, लग्नाचे वय पुढे गेले आणि कुटुंबे लहान झाली. इस्रायलमधील द्रुझ स्त्रीला १९६० च्या दशकात सरासरी सातहून अधिक मुले होत, तो आकडा आता दोनच्या खाली आला आहे. ज्या समाजात बाहेरून कोणी येऊ शकत नाही, तेथे ही घट वडीलधाऱ्यांना काळजीत टाकते.

प्रश्न : सैनिकी परंपरेच्या गावचा मी निवृत्त सुभेदार. द्रुझ तरुण इस्रायली सैन्यात जातात असे वाचले. स्वेच्छेने जातात की सक्तीने? (एक माजी सैनिक, सैनिक टाकळी, ता. शिरोळ)

उत्तर : सुभेदार साहेब, इस्रायली नागरिक असलेल्या द्रुझ पुरुषांना १९५६ पासून सक्तीची लष्करी सेवा लागू आहे आणि ती समाजाच्या तत्कालीन पुढाऱ्यांच्या संमतीने लागू झाली. स्त्रियांना ती नाही आणि दीक्षित धार्मिक पुरुषांना सूट मिळते. सुमारे ८० टक्के मुले भरती होतात, जे प्रमाण ज्यू तरुणांपेक्षाही जास्त असते. पूर्वी द्रुझांची स्वतंत्र पलटण होती. ती २०१५ मध्ये बंद करून जवानांना इतर तुकड्यांत मिसळण्यात आले, आणि तशी मागणी तरुणांकडूनच होत होती. सेवेनंतर पोलिस, तुरुंग विभाग किंवा सैन्यातच कायमची नोकरी पत्करणारे पुष्कळ आहेत, कारण डोंगरातल्या गावात दरमहा खात्रीचा पगार देणारे दुसरे फारसे काही नसते. ज्या देशात राहतो त्या देशाशी निष्ठा ठेवावी, अशी द्रुझांची जुनी धारणा आहे. त्यामुळे सीरियातला द्रुझ सीरियाच्या सैन्यात असे आणि इस्रायलमधला इस्रायलच्या.

विरोध नव्हता असे नाही. रामा गावच्या घराण्यातले कवी सामीह अल-कासिम (१९३९–२०१४) यांनी भरतीला नकार देऊन तुरुंगवास पत्करला होता, आणि आजही काही तरुण तो मार्ग धरतात. मोठा धक्का मात्र भरती होणाऱ्यांनाच बसला. जुलै २०१८ मध्ये इस्रायलच्या संसदेने ‘ज्यू लोकांचे राष्ट्र-राज्य’ ठरवणारा कायदा केला, त्यात समतेचा उल्लेख नव्हता. त्याविरुद्ध ४ ऑगस्ट २०१८ रोजी तेल अवीवच्या चौकात हजारो लोक जमले, द्रुझांचा पंचरंगी ध्वज आणि इस्रायलचा ध्वज शेजारी-शेजारी फडकले, आणि गणवेशात आयुष्य काढलेले अधिकारी आपल्याच सरकारविरुद्ध बोलले. आपल्यासारख्या माजी सैनिकाला त्यांची भावना समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : तिथल्या मुली शिकतात का? (एक विद्यार्थिनी, कागल)

उत्तर : शिकतात, आणि मुलांपेक्षा पुढे आहेत. इस्रायलमधील द्रुझ विद्यार्थ्यांत मुलींची संख्या जास्त आहे. मुलगा अठराव्या वर्षी सैन्यात जातो आणि बाहेर पडेपर्यंत त्याच वर्गातली मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचलेली असते. जुन्या धार्मिक घरांची अट एकच असे, मुलीने रात्री घरी परतले पाहिजे. हैफा विद्यापीठ कार्मेल डोंगरावरच, द्रुझ गावांच्या शेजारी असल्यामुळे ही अट तेथे पाळता आली, आणि एकदा पहिली मुलगी शिक्षिका होऊन गावात परतली की पुढच्या मुलींच्या वडिलांना समजावणे सोपे गेले. आता त्या डॉक्टर, औषधनिर्मात्या, वकील आणि संगणक अभियंता होतात. घरात अरबी, विद्यापीठात हिब्रू आणि पुस्तकांत इंग्रजी असा त्यांचा दिवस जातो. अडचण पदवीनंतर येते. चांगली नोकरी तेल अवीवच्या बाजूला आणि अविवाहित मुलीने तेथे एकटीने राहणे घरच्यांना मान्य नाही, म्हणून अनेकजणी शिक्षणाच्या मानाने कमी दर्जाची नोकरी गावाजवळच धरतात.

प्रश्न : फुटबॉलच्या मैदानावर रॉकेट पडून मुले गेली, ते गाव द्रुझांचेच ना? तिथली मुले आता खेळतात का? (एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ)

उत्तर : होय, ते मजदल शम्स. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी तेथील मैदानावर रॉकेट पडले आणि १२ मुले मृत्युमुखी पडली. रॉकेट हिजबुल्लाह या लेबनॉनमधील सशस्त्र संघटनेचे असल्याचे इस्रायल आणि अमेरिकेने सांगितले, हिजबुल्लाहने ते नाकारले. आपल्या पेठांत ज्या वयाची पोरे संध्याकाळी मैदान अडवून बसतात, त्याच वयाची ही मुले होती. मजदल शम्समध्ये फुटबॉल आजही आहे. त्या मैदानावर मुलांच्या आठवणीही आहेत.

या गावाची गोष्ट कार्मेलपेक्षा वेगळी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हर्मोन पर्वताच्या उतारावरचे हे गाव १९६७ पर्यंत सीरियात होते. त्या वर्षीच्या युद्धात इस्रायलने गोलान टेकड्या घेतल्या. मजदल शम्स, मसअदे, बुकआता आणि ऐन किनिया ही चार द्रुझ गावे जागेवर राहिली. १४ डिसेंबर १९८१ रोजी इस्रायलने तेथे स्वतःचा कायदा लागू केला, तेव्हा गावांनी नवी ओळखपत्रे नाकारली आणि १९८२ मध्ये अनेक महिने संप केला. नागरिकत्व न घेतलेल्यांच्या प्रवासाच्या कागदावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘अनिश्चित’ असे लिहिलेले असते. वीस वर्षांचा मुलगा परदेशी विमानतळावर तो कागद पुढे करतो, तेव्हा समोरचा अधिकारी आधी त्याच्याकडे आणि मग वरिष्ठाकडे पाहतो.

सीमेच्या तारेपलीकडे, सीरियात, काका-मामा राहत. दोन्ही बाजूंचे नातलग समोरासमोरच्या टेकड्यांवर उभे राहून कर्ण्यातून एकमेकांना लग्न-मुंजीसारख्या घरच्या वार्ता ओरडून सांगत. मोबाइल आल्यावर ते थांबले. गोलानची शेकडो मुले दमास्कस विद्यापीठात शिकायला जात, तेथे शिक्षण जवळजवळ मोफत होते. पलीकडे लग्न होऊन गेलेल्या मुलीला मात्र माहेरी परतण्याची वाट बहुधा नसे. २०११ मध्ये सीरियात यादवी पेटली आणि पुढे दमास्कसचा रस्ता बंद झाला. त्यानंतर इस्रायली नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्या तरुणांची संख्या वाढत गेली. आजोबा सीरियाशी निष्ठावान, वडील गप्प आणि नातू हिब्रू माध्यमाच्या महाविद्यालयात, अशी घरे तेथे आहेत, आणि जेवताना राजकारण काढायचे नाही असा त्यांच्यात अलिखित करार असतो.

प्रश्न : शेती कसली करतात? तरुण शेतात राबतात का? (एक ऊस उत्पादक, वारणा परिसर)

उत्तर : गोलानमध्ये सफरचंद आणि चेरी, उत्तर इस्रायलमधील गालील आणि कार्मेलमध्ये ऑलिव्ह. २००५ पासून काही वर्षे गोलानची सफरचंदे कुनेत्रा नाक्यावरून सीरियात विक्रीला जात होती, हे शत्रुराष्ट्रांतील व्यवहाराचे दुर्मीळ उदाहरण म्हणता येईल. बागा आता वाटण्यांनी लहान झाल्या आहेत. तरुण नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी बागेत जातो. तरीही जमिनीला हात लागला की तोच तरुण रस्त्यावर उतरतो. जून २०२३ मध्ये बागांच्या परिसरात पवनचक्क्या उभारण्याविरुद्ध गोलानमध्ये झालेल्या आंदोलनात पुढे होती ती हीच पिढी.

पिकापेक्षा मोठा प्रश्न घराचा आहे. लग्नाआधी मुलाचे स्वतःचे घर तयार असले पाहिजे, ही तेथील रीत. आणि घर बांधायचे ते वडिलोपार्जित जमिनीवर, कारण गाव सोडणे म्हणजे समाज सोडण्याची पहिली पायरी मानली जाते. परंतु गावांचे विकास आराखडे वर्षानुवर्षे रखडलेले असतात. बेत जानसारख्या गावाची बरीच जमीन १९६५ मध्ये जाहीर झालेल्या मेरोन अभयारण्यात गेली. परवाना मिळत नाही म्हणून मुलगा विनापरवाना बांधतो आणि २०१७ च्या कायद्यानंतर दंडाच्या रकमा इतक्या वाढल्या आहेत की सैन्यातून सुटताना मिळालेले पैसे त्यातच जातात. गावातले लग्न रखडण्याचे कारण पुष्कळदा मुलगी नसून नगररचना विभाग असतो.

प्रश्न : या तरुणांना शेवटी हवे तरी काय आहे? (एक शिक्षक, जयसिंगपूर)

उत्तर : आपण कोणत्या देशातल्या तरुणाला विचारता त्यावर उत्तर ठरेल. कार्मेल-गालीलमधल्या मुलाला घराचा परवाना, संगणक क्षेत्रातील नोकरी आणि सेवेच्या बदल्यात बरोबरीचा दर्जा हवा आहे. लेबनॉनच्या ‘शूफ’ आणि ‘आले’ या भागांतील मुलाला २०१९ च्या आर्थिक कोसळणीनंतर आखाती देशांचा व्हिसा हवा आहे. तेथील द्रुझ नेते कमाल जुम्ब्लात (१९१७–१९७७) यांच्यावर गांधीजींचा आणि वेदान्ताचा प्रभाव होता आणि ते भारतातही आले होते. आजच्या तरुणाची भारताशी ओळख मात्र हिंदी चित्रपटांपलीकडे फारशी जात नसावी. दक्षिण सीरियातील सुवैदा हा सर्वांत मोठा द्रुझ प्रांत, १९२५ च्या फ्रेंचविरोधी उठावाचे नेते सुलतान अल-अत्रश यांचा. तेथून कित्येक पिढ्या व्हेनेझुएलाला जाऊन-येऊन आहेत. जुलै २०२५ मध्ये तेथे बेदुइन टोळ्या, सरकारी दले आणि द्रुझ सशस्त्र गट यांच्यातील हिंसाचारात शेकडो माणसे मारली गेली, तेव्हा मजदल शम्सचे तरुण तार ओलांडून नातलगांकडे धावले. सुवैदातल्या मुलाला सध्या जिवाची हमी हवी आहे. करिअरचा विचार त्यानंतर.

प्रश्न : कधी तिकडे जाणे झाले तर काय पाहावे, काय खावे, काय टाळावे? (एक पर्यटनप्रेमी दांपत्य, ताराबाई पार्क)

उत्तर : तिबेरियाजवळ हित्तीन येथे द्रुझांना पूज्य असलेले प्रेषित नबी शुऐब यांचे स्थान आहे, २५ एप्रिलपासून तेथे मोठी यात्रा भरते. आत जाताना डोके आणि हातपाय झाकलेले असावेत. दालियतच्या बाजारात बाया फुगीर लोखंडी तव्यावर हातरुमालाइतकी पातळ पोळी भाजतात, तिच्यावर लबने म्हणजे घट्ट आंबट चक्का आणि झातर हा मसाला पसरून गुंडाळी करून देतात. शाकाहारी माणसाची चिंता मिटते. गोलानमध्ये कोणाच्या घरी गेलात तर माते हे दक्षिण अमेरिकेतून आलेले कडवट पेय मिळेल. एकच भांडे आणि धातूची एकच नळी सर्वांत फिरते, आणि प्रत्येकाचे झाले की यजमान लिंबाच्या सालीने नळीचे टोक पुसून, गरम पाणी घालून पुढच्याला देतो. आपली पाळी नाकारू नये; पुरे झाले की आभार मानावेत, म्हणजे यजमान समजतो. धर्मग्रंथात काय आहे असे तरुण मुलांना खोदून विचारू नका. ती टाळाटाळ करत आहेत असे वाटेल, पण तो ग्रंथ त्यांनाही वाचायला मिळालेला नसतो.